ओला गिलावा थांबत नाही

रोममध्ये व्हॅटिकनच्या हद्दीत असलेल्या सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहाचं छत जमिनीपासून सुमारे 20 मीटर उंच आहे. 1508 ते 1512 या काळात मायकेलअँजेलोने परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून ते रंगवलं. एवढ्या मोठ्या चित्रकाराला आधी कागदावर कच्ची चित्रं काढायची काय गरज होती? पहिलं कारण चुन्यात दडलंय.

छतावरची ही चित्रं ओल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात. रंगाची पूड नुसत्या पाण्यात कालवून गिलाव्यावर लावायची. डिंक नको, तेल नको. गिलावा सुकताना त्यातल्या चुन्याचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. रंगाचे कण या नव्या थरात पक्के अडकतात, म्हणून पाचशे वर्षांनंतरही ते जागचे हललेले नाहीत.

पण ओला गिलावा कोणासाठी थांबत नाही. हाताशी असतात काही तासच. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. मान किती वळवू, हात कुठे ठेवू, असा विचार वर परांचीवर करत बसलं तर गिलावा सुकून जाणार. आणि मोठी चूक झाली तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लिंपायचा! तेव्हा सगळ्या शंका खाली, कागदावरच मिटवलेल्या बऱ्या.

अशा शंका मिटवतानाचा एक कागद आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आकाराने जेमतेम ए-फोर एवढा. छतावर लिबियन सिबिल नावाची एक भविष्यवेत्ती आहे. ती आपल्याकडे पाठ करून, अंगाला पीळ देऊन एक भलामोठा ग्रंथ उचलते आहे. तिच्यासाठी मायकेलअँजेलोने लाल खडूने एका पुरुषाचं उघडं अंग रेखाटलं. छतावर ती कपड्यांत आहे. पण कपड्याखालचे स्नायू कसे ताणले जातात हे कळल्याशिवाय कपडाही नीट बसत नाही. कागदावर पाठीचा एकेक उंचवटा सावलीसकट आहे. चेहरा एका कोपऱ्यात वेगळा काढलाय. मला सगळ्यात आवडतात ती पायाची बोटं. शरीराचा भार पेलताना ती कशी दबतात, कशी फाकतात, हे त्याने त्याच कागदावर पुन्हा पुन्हा काढून पाहिलंय. जमिनीवरून बघणाऱ्याला ही बोटं नीट दिसतही नसतील, तरी त्याने ती सोडली नाहीत.

मग चित्र छतावर चढायचं कसं? आकृती खऱ्या मापात मोठ्या कागदावर काढायची आणि रेषांवर बारीक भोकं पाडायची. कागद ओल्या गिलाव्यावर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची, की ठिपक्याठिपक्यांची रेषा खाली उमटते. भरतकामाची नक्षी कापडावर छापतात, तशीच ही युक्ती. दुसरी रीत याहून झटपट: कागदावरच्या रेषेवरून टोकदार अवजार दाबत फिरवायचं, म्हणजे मऊ गिलाव्यावर खाच पडते. विसाव्या शतकाच्या अखेरीस छताची साफसफाई झाली, तेव्हा अभ्यासकांना हे ठिपके आणि या खाचा अगदी जवळून पाहता आल्या.

खिडक्यांच्या वरच्या कमानींवर मात्र मायकेलअँजेलोने हे मोठे कागद वापरलेच नाहीत; तिथे तो ब्रशने थेट गिलाव्यावर उतरला. तरी तिथे रंगवलेल्या माणसांच्या बसण्या-वाकण्याची इवलीशी रेखाटनं त्याने एका छोट्या वहीत करून ठेवली होती. तिची पानं आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहेत.