औद्योगिक सॉकेटवरून विजेच्या मोटारीचे चार्जिंग (नाशिक)

कारखान्यात यंत्रांसाठी बसवलेल्या निळ्या किंवा लाल सॉकेटमधून कामाच्या वेळेत विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीची बॅटरी भरून घेण्याची पद्धत. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला ती सहज जमण्यासारखी आहे. गाडी शिफ्टभर कंपनीच्या आवारात उभी असते आणि थ्री-फेज वीज भिंतीपर्यंत आलेलीच असते.

हे सॉकेट आयईसी ६०३०९ या आंतरराष्ट्रीय मानकाचे असतात. निळा २३० व्होल्टचा, सिंगल फेज. लाल ४०० व्होल्टचा, थ्री-फेज. १६ अँपिअरच्या निळ्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॉट, ३२ अँपिअरच्या सॉकेटवर ७.२ किलोवॉटपर्यंत चार्जिंग होते. लाल ३२ अँपिअरमधून २२ किलोवॉट निघू शकतात, पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमधला चार्जर सिंगल फेज असल्याने त्याचा पूर्ण उपयोग होत नाही. तशी गरजही क्वचितच पडते. नाशिकहून सिन्नरला जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर होतात. त्याला ९-१० युनिट लागतात आणि ३.३ किलोवॉटवर ती तीन तासांत भरून निघतात.

सॉकेट स्वतः गाडीशी बोलत नाही. गाडीने किती करंट ओढायचा हे केबलवरची कंट्रोल पेटी ठरवते. पेटी ३२ अँपिअरची आणि मागची वायर १६ अँपिअरची असेल तर वायर तापते. कारखान्यातल्या अनुभवी वायरमनचीही इथे फसगत होऊ शकते. वेल्डिंग मशीन त्याच सॉकेटवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, कारण ते थांबत-थांबत करंट घेते. गाडी तोच करंट सलग पाच-सहा तास ओढते. सैल झालेली पिन, नीट न आवळलेला स्क्रू, काळवंडलेला प्लग टॉप अशा वेळी उघडा पडतो. म्हणून चार्जिंगसाठी डीबीपासून (वीजवाटपाच्या पेटीपासून) वेगळी लाइन ओढणे आणि पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून पाहणे आवश्यक आहे.

त्याहून मोठा धोका चार पिनांच्या लाल सॉकेटचा. थ्री-फेज मोटर किंवा कॉम्प्रेसरला न्यूट्रल (करंटची परतीची तार) लागत नाही, म्हणून अनेक शेडमध्ये तीन फेज आणि अर्थ एवढेच आणलेले असते. सिंगल फेज चार्जर दोन फेजांमध्ये जोडला, तर त्याला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि तो जळू शकतो. फेज आणि अर्थ यांच्यातून २३० काढण्याची युक्ती तर जिवावर बेतणारी आहे. लाल सॉकेट पाच पिनांचा आणि मीटरने तपासलेला न्यूट्रल नसेल तर गाडी लावूच नये.

अर्थिंगचे महत्त्वही तेवढेच. नाशिकची जमीन काळ्या कातळाची. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो आणि खड्ड्यात पाणी सोडावे लागते. अर्थ नीट नसेल तर बऱ्याच कंट्रोल पेट्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. ही तक्रार पेटीच्या माथी मारून अर्थ-तपासणीला बगल देण्याची सवय सोडायला हवी. जोडीला ३० मिलिअँपिअरचा, किमान ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवा.

खर्चाच्या दृष्टीने दिवसाची वेळ सोयीची. २०२३च्या केंद्रीय नियमांनी वेळेनुसार दराची पद्धत देशभरासाठी घालून दिली; त्यात सौरतासांतला (दिवसा सौरवीज मिळते त्या तासांतला) दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे, तर सर्वाधिक मागणीच्या तासांत तो चढा असतो. मात्र दहा गाड्या एकदम ७.२ किलोवॉटवर लागल्या, तर कंपनीची कमाल मागणी (एका वेळी घेतला जाणारा सर्वाधिक भार) ७२ किलोवॉटने वाढू शकते. वीज कंपनीशी ठरलेली मंजूर मागणी ओलांडली की दंड बसतो. गाड्या आळीपाळीने लावणे आणि त्या तिन्ही फेजांवर वाटणे हा साधा उपाय.

कार्यालयाच्या आवारात खासगी चार्जिंगला केंद्राच्या डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, हा खुलासा त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाला होता. त्यामुळे कर्मचाऱ्यांकडून पैसे घ्यायचे असतील तर सॉकेटला सब-मीटर बसवून युनिटप्रमाणे हिशेब ठेवता येतो.