वेताच्या फटक्यांची शिक्षा (सिंगापूर)

न्यायालयाने सुनावलेली आणि तुरुंगात वेताच्या छडीने अमलात आणली जाणारी शारीरिक शिक्षा. सिंगापूरच्या शेजारच्या मलेशिया व ब्रुनेई या देशांतही ती आहे. शाळेत मुलग्यांना दिली जाणारी छडी आणि मलेशियातील शरिया न्यायालयांची छडी या दोन्ही वेगळ्या शिक्षा आहेत. शरिया न्यायालयाची छडी हलकी असते आणि कपड्यांवरून मारतात. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे परदेशांतील बरीचशी चर्चा सुरुवातीलाच भरकटते.

उगमाबद्दल मतभेद आहेत. ही शिक्षा आशियाई किंवा इस्लामी परंपरेतून आली, असा समज आढळतो. त्याला कायद्याच्या इतिहासात आधार मिळत नाही. अभ्यासकांमधला खरा वाद ती इंग्लंडमधून आली की हिंदुस्थानातून, एवढाच आहे. पहिल्या पक्षाचे लोक १८६३ च्या इंग्लिश कायद्याकडे बोट दाखवतात. लंडनमधील गळा आवळून होणाऱ्या लूटमारीनंतर त्या कायद्याने सशस्त्र दरोड्यासाठी फटके आणले. दुसरा पक्ष हिंदुस्थानातील १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यावर भर देतो. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून झालेल्या स्ट्रेट्स सेटलमेंट्स या वसाहतीचा कारभार १८६७ पर्यंत कलकत्त्याहून चाले. १८७२ मध्ये अमलात आलेली तिची दंडसंहिता १८६० च्या भारतीय दंडसंहितेवरूनच बेतलेली होती.

कार्यपद्धतीच्या बाबतीत दुसरा पक्ष अधिक पटतो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ३९२ ते ३९५ ही कलमे सिंगापूरच्या २०१० च्या संहितेतील ३२५ ते ३३२ या कलमांशेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींत स्त्रियांना आणि मृत्युदंड झालेल्यांना सूट आहे. दोन्हींत फटके हप्त्याहप्त्याने देण्यास मनाई आहे, वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि फटके देता आले नाहीत तर त्याऐवजी जास्तीत जास्त बारा महिन्यांची कैद देता येते. वयोमर्यादा हिंदुस्थानात ४५ होती, सिंगापुरात ती ५० आहे. छडीची जाडी तर फारच बोलकी आहे. सिंगापूरच्या कायद्यात वेत १.२७ सेंटीमीटरहून जाड नसावा असे म्हटले आहे, म्हणजे बरोबर अर्धा इंच. हिंदुस्थानी कलमात हेच माप होते, मात्र तिथे वेत अर्ध्या इंचापेक्षा बारीक नसावा अशी अट होती. तिथली किमान मर्यादा इथे कमाल झाली. नऊ पदरी चाबूक मात्र इंग्लंडमधून आला आणि सिंगापुरात तो १९५० च्या दशकात बंद झाला. खुद्द ब्रिटनने न्यायालयीन फटके १९४८ च्या कायद्याने आणि भारताने १९५५ मध्ये रद्द केले.

कोणत्याही एका वेळी प्रौढाला जास्तीत जास्त २४ आणि अल्पवयीनाला १० फटके देता येतात. अल्पवयीनासाठी वेत हलका असतो. जिल्हा न्यायालय १२ पर्यंत, तर मॅजिस्ट्रेट न्यायालय ६ पर्यंत फटके सुनावू शकते. छडी साधारण १.२ मीटर लांब असते. ती आधी पाण्यात भिजत ठेवतात, कारण कोरडा वेत आघाताने चिरतो आणि त्याची कुसळे जखमेत राहतात. कैद्याला विवस्त्र करून लाकडी घोडीवर कमरेतून वाकवतात आणि हातपाय पट्ट्यांनी बांधतात. कमरेवर जाड गादी बांधलेली असते. नेम चुकून फटका वर बसला तर मूत्रपिंडे आणि मणक्याचा खालचा भाग यांना इजा होऊ नये, हा तिचा उद्देश. फटके फक्त नितंबांवर मारले जातात. मारणारा कर्मचारी खास प्रशिक्षण घेतलेला असतो आणि सबंध अंगाचे वजन टाकून मारतो. कातडी फाटते, रक्त येते. मारण्याची जागा लहान, त्यामुळे फटके वाढतील तसे ते आधीच्याच जखमांवर पडू लागतात. व्रण बहुधा कायमचे राहतात. शिक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘छडी’ हा सौम्य शब्द वापरताना हे सारे नजरेआड करू नये.

तुरुंगाधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी पूर्ण वेळ हजर असतात. कैद्याला पुढचे फटके सोसवणार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले, की शिक्षा तिथेच कायमची थांबते. उरलेले फटके बरे झाल्यावर मारता येत नाहीत. ते माफ करायचे की त्याऐवजी कैद द्यायची, हे न्यायालय ठरवते. डॉक्टरांचा हा सहभाग वैद्यकीय नीतीशी विसंगत आहे, हा आक्षेप गंभीर आहे. पण त्यांना वगळले तर कैद्याचे उरलेसुरले संरक्षणही जाईल.

जगभर वाद पेटला तो १९९४ च्या मायकेल फे प्रकरणाने. मोटारींवर रंग फवारणे इत्यादी गुन्ह्यांबद्दल या अमेरिकन तरुणाला चार महिने कैद, ३,५०० सिंगापूर डॉलर दंड आणि सहा फटके सुनावले गेले. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रदबदली केल्यावर सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष ओंग टेंग चिओंग यांनी फटके चारवर आणले. ५ मे १९९४ रोजी ते मारण्यात आले. ज्या कायद्याखाली हे घडले तो १९६६ चा विद्रूपीकरणविरोधी कायदा. त्यात तीन ते आठ फटके होते. विरोधकांच्या राजकीय घोषणा भिंतींवरून हटवणे हा त्याचा मूळ रोख होता, हे अभ्यासकांचे मत त्या काळची परिस्थिती पाहता ग्राह्य वाटते.

देशात राहण्याच्या परवान्याच्या मुदतीपेक्षा ९० दिवसांहून अधिक राहिलेल्या परदेशी पुरुषालाही किमान तीन फटके आहेत. ही तरतूद प्रामुख्याने मजुरांवर येऊन पडते. त्यांच्यासाठी कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने पत्र लिहिलेले नाही, आणि वादाच्या वाङ्मयात त्यांना मिळालेली जागा फार थोडी आहे.

घटनात्मक प्रश्न २०१५ मध्ये योंग वुई कोंग खटल्यात अपील न्यायालयापुढे आला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील त्याच्या मृत्युदंडाच्या जागी जन्मठेप आणि १५ फटके आले होते. ही शिक्षा म्हणजे छळ ठरत नाही आणि स्त्रियांना दिलेली सूट समतेच्या तत्त्वाला बाधक नाही, असा निर्णय झाला. छळ आणि अमानुष शिक्षा यांत न्यायालयाने केलेला भेद महत्त्वाचा आहे. अमानुष शिक्षेला मनाई करणारे कलम घटनेत घालावे ही १९६६ च्या घटना आयोगाची शिफारस सरकारने स्वीकारली नव्हती. उलट १९७८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने आइल ऑफ मॅन बेटावरील पंधरा वर्षांच्या मुलाला मारलेले तीन फटकेही मानहानिकारक ठरवले. सिंगापूर नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा किंवा छळविरोधी कराराचा सदस्य नाही, त्यामुळे बाहेरील टीकेला तिथे कायदेशीर पकड मिळत नाही.

शिक्षेची जरब बसते, हा समर्थकांचा मुख्य मुद्दा. मात्र पकडले जाण्याची खात्री, लहान शहर-राज्य आणि दीर्घ कैद यांच्यापासून फटक्यांचा परिणाम वेगळा काढणे अवघड आहे. मलेशियात २०२३ मध्ये सक्तीचा मृत्युदंड गेला, तेव्हा पर्यायी दीर्घ कैदेसोबत किमान बारा फटके आले. सिंगापूरने २०२५ मध्ये ऑनलाइन फसवणूक करणाऱ्यांसाठी किमान सहा आणि कमाल २४ फटक्यांची तरतूद संमत केली.