गाझाचे आकडे: एकूण मृत वेगळे, ओळख पटलेले वेगळे

मे २०२४ मधे, इस्रायल-हमास युद्ध चालू असताना, आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, "यूएनने गाझात मेलेल्या मुलांचा आकडा गुपचूप निम्मा केला". सोबत दोन स्क्रीनशॉट, यूएनच्या ६ मे च्या तक्त्यात १४,५०० हून जास्त मुलं आणि ९,५०० हून जास्त बायका, आणि ८ मे च्या तक्त्यात ७,७९७ मुलं आणि ४,९५९ बायका. झालं, अर्धा ग्रुप म्हणे बघा कसे खोटे पकडले गेले, उरलेला अर्धा म्हणे यूएनवर दबाव आला असणार. एकूण मृतांचा आकडा मात्र कोणी बघितलाच नाही. तो ३४,७३५ वरून ३४,८४४ झाला होता, म्हणजे वाढलाच होता!

आपल्याकडे बस दरीत कोसळली की पेपरात येतं ना, "१२ ठार, नऊ जणांची ओळख पटली". आता त्या नऊ जणांत दोन मुलं असली तर अपघातात दोनच मुलं गेली असं कोणी म्हणत नाही, कारण तीन मृतदेह कोणाचे ते अजून कळायचंय. ८ मे ला नेमकं हेच झालं होतं. एकूण ३४,८४४ पैकी २४,६८६ जणांची पूर्ण ओळख पटली होती, आणि मुलं, बायका, वृद्ध, पुरुष ही विभागणी फक्त त्या २४,६८६ ची होती. बाकीचे दहा हजारांच्या वर लोक त्या रकान्यांत कुठेच नव्हते. यूएनचे प्रवक्ते फरहान हक यांनी नंतर हेच सांगितलं, पण खुलासा कोण फॉरवर्ड करतं.

मग ओळख पटली म्हणजे नक्की काय? तर गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या यादीत एका माणसामागे नाव, वय, स्त्री की पुरुष आणि नऊ आकडी ओळखपत्र क्रमांक असतो. हा क्रमांक महत्त्वाचा, कारण पॅलेस्टिनी लोकसंख्येच्या नोंदवहीवर शेवटचा ताबा इस्रायलचाच आहे, तिकडच्या मंजुरीशिवाय त्यात नवीन नोंद पक्की होत नाही, त्यामुळे खोटा क्रमांक घुसवला तर तो इस्रायलला तपासता येतो. ऑक्टोबर २०२३ मधे अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन म्हणाले की या आकड्यांवर माझा भरवसा नाही, आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाने यादीच बाहेर काढली, ७,०२८ मृत, त्यातली ६,७४७ नावांसकट आणि २८१ ओळख न पटलेले. तेव्हा हॉस्पिटलं चालू होती, बॉडी शवागारात आली की तिथेच कॉम्प्युटरवर नोंद व्हायची, म्हणून दोन आकड्यांतलं अंतर इतकं कमी होतं. नोव्हेंबरमधे शिफा हे गाझातलं सगळ्यात मोठं हॉस्पिटल आणि उत्तरेकडची हॉस्पिटलं कोलमडली आणि अंतर वाढत गेलं. मग बातम्यांवरून मोजलेले मृत्यू धरले जायला लागले, पुढे घरच्यांनी ऑनलाइन फॉर्म भरायचा अशी सोय झाली. आता फॉर्म म्हटला की चुका आल्याच, दुबार नावं, नैसर्गिक मृत्यू, किंवा माणूस खरं तर इस्रायलच्या तुरुंगात निघाला वगैरे, म्हणून समिती नेमून तपासणी सुरू झाली आणि मार्च २०२५ च्या यादीतून तीन हजारांहून जास्त नावं काढली गेली. त्यावरही परत बोंब झालीच.

पण टीका करणारे सगळेच वेडे होते असंही नाही हं. ६ मे चे मुलं-बायकांचे आकडे आरोग्य मंत्रालयाचे नव्हतेच, ते गाझात सत्तेवर असलेल्या हमासच्या सरकारी मीडिया ऑफिसचे होते, आणि ते कसे मोजले ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं. त्या हिशोबाने मुलं-बायका मिळून ६९ टक्के होत होते, ओळख पटलेल्यांत मात्र ५२ टक्क्यांच्या आसपास. (आजीबाई "बायका" मधे नसून १,९२४ वृद्धांच्या रकान्यात आहेत, त्यामुळे खरी टक्केवारी थोडी वर जाते, पण ६९ नाही होत.) यूएनने ते आकडे इतके महिने तसेच छापायला नको होते असं माझं स्पष्ट मत आहे.

हीच गोष्ट पलीकडच्या बाजूलाही झाली होती, ती फारशी कोणी आठवत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यातल्या मृतांचा आकडा इस्रायलने आधी १,४०० सांगितला, नोव्हेंबरमधे तो साधारण १,२०० वर आणला. मृतदेह इतके जळालेले होते की ओळख पटवायला आठवडे गेले, आणि त्यातले २०० च्या आसपास हल्लेखोरांचेच निघाले. म्हणून काय हल्ला झाला नाही? शेकडो साधी माणसं मारली गेली ते काही बदललं नाही.

आता जो घोळ दोन्ही आकड्यांत सारखाच आहे तो. गाझाची यादी सिव्हिलियन कोण आणि लढणारा कोण हे सांगतच नाही, एकूण आकडा घ्या नाहीतर ओळख पटलेला घ्या. ८ मे च्या तक्त्यात १०,००६ पुरुष आहेत, त्यांत हमासचे लढवय्येही असणार आणि बेकरीवाला, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, मास्तर पण असणार. "पुरुष म्हणजे अतिरेकी" हा हिशोब चूक आणि "३४ हजार सिव्हिलियन मेले" हे वाक्यही चूक, मराठी न्यूज चॅनलवर दोन्ही ऐकलीयत. ही वर्गवारी करायला एकेका मृत्यूच्या मागे लागावं लागतं आणि त्याला वेळ जातो. २०१४ च्या युद्धात यूएनच्या हिशोबाने २,२५१ पॅलेस्टिनी गेले, त्यातले १,४६२ सिव्हिलियन. इस्रायलच्या हिशोबाने २,१२५ गेले, त्यातले ७६१ सिव्हिलियन आणि बऱ्याच जणांचं ठरवताच आलं नाही. म्हणजे बघा, एकूण आकड्यात दोघांचं जवळपास जमतं, भांडण आहे ते कोणाला कुठल्या रकान्यात टाकायचं याचं.

आणि ढिगाऱ्याखाली जे राहिले ते यातल्या कुठल्याच आकड्यात नाहीत, बॉडी बाहेर निघाल्याशिवाय किंवा घरातलं कोणीतरी फॉर्म भरायला उरल्याशिवाय नाव चढत नाही.