एफई आणि पीई : नावं जोडीची, अभ्यास वेगळा

“दादा, एफई तर झाली. आता तीच पुस्तकं दोन-तीन महिने अजून एकदा घासली की पीईही होऊन जाईल ना?” ह्यूस्टनमध्ये नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलाने मला फोनवर विचारलं. हा प्रश्न मी आतापर्यंत इतक्या मराठी मुलामुलींकडून ऐकलाय की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. मी सांगलीत सिव्हिलची बी.ई. केली आणि नंतर अमेरिकेत नोकरी सांभाळून तिथल्या इंजिनिअरच्या परवान्यासाठीच्या या दोन्ही परीक्षा दिल्या. त्यामुळे यातलं बरंचसं अंगावर घेतलेलं आहे.

आधी नावं. एफई म्हणजे ‘फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग’. पीई हे परवानाधारक ‘प्रोफेशनल इंजिनिअर’चं छोटं रूप, आणि त्याच्या परीक्षेचं खरं नाव ‘प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ इंजिनिअरिंग’. दोन्ही परीक्षा एनसीईईएस ही राज्यांच्या परवाना बोर्डांची एकच सामाईक संस्था घेते, दोन्ही पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात संगणकावर होतात आणि दोन्हींत पडद्यावर एक हँडबुक मिळतं. इतकं सारखं दिसल्यावर पीई म्हणजे एफईचाच अवघड भाग असं वाटणं साहजिक आहे.

आपल्या मुलांचा गोंधळ मात्र मला वाटतं याच्याही आधी सुरू होतो. आपल्याकडे पदवी हाती आली की माणूस इंजिनिअर होतो. आर्किटेक्टसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, इंजिनिअरसाठी तसा देशभर लागू असलेला कायदा नाही. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी करते, ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे बिरुद मिळवता येतं, पण पदवी वेगळी आणि परवाना वेगळा हे आपल्या अंगवळणी पडलेलं नसतं.

अमेरिकेत हा फरक शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. पहिला कायदा १९०७ साली वायोमिंगने केला, कारण तिथे पाण्याच्या हक्कांसाठी लागणारे नकाशे कोणीही काढत होतं आणि इंजिनिअर म्हणून त्यावर सही ठोकत होतं. कॅलिफोर्नियात मार्च १९२८ मध्ये सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, शेकडो माणसं वाहून गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे सिव्हिल इंजिनिअरची नोंदणी कायद्याने सक्तीची झाली. टेक्ससमध्ये १८ मार्च १९३७ ला न्यू लंडन गावच्या शाळेत गळणाऱ्या गॅसचा स्फोट झाला. जवळपास तीनशे जीव गेले, त्यातली बहुतेक मुलं होती. टेक्ससचा इंजिनिअरिंगचा कायदा त्याच वर्षीचा आहे. पीईच्या शिक्क्याचं वजन कुठून आलं ते यातून कळतं. तो शिक्का म्हणजे या आराखड्याची जबाबदारी माझी, असं लोकांना दिलेलं वचन असतं.

हे वचन एफई पास झालेला देऊ शकत नाही. एफईनंतर राज्याच्या बोर्डाकडे अर्ज करून ‘इंजिनिअर-इन-ट्रेनिंग’ होता येतं, म्हणजे उमेदवार. साधारण चार वर्षं, शक्यतो परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काम, मग पीई, असा नेहमीचा क्रम. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत अनुभव पुरा होण्याआधीही पीईची परीक्षा देता येते, आणि त्यातून दुसरी गल्लत जन्म घेते. परीक्षा एनसीईईएस घेते, परवाना राज्याचं बोर्ड देतं. निकालात ‘पास’ दिसलं म्हणून नावापुढे पीई लावायचं नाही. अनुभव, शिफारशी, शिक्षणाची तपासणी आणि काही राज्यांत कायदा व नीतिनियमांची छोटी परीक्षा, एवढं झाल्यावर बोर्ड परवाना क्रमांक देतं. तोही त्या राज्यापुरता असतो. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंग यांच्या दोन वेगळ्या परीक्षा वरून द्याव्या लागतात.

आता अभ्यासाकडे येतो. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

एफईत ११० प्रश्न असतात आणि वेळ ५ तास २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटंही मिळत नाहीत. सिव्हिलची एफई घेतली तर गणित आणि संख्याशास्त्र, स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, एसओएम (पदार्थांची ताकद), फ्लुइड, सर्व्हे, पाणी आणि पर्यावरण, स्ट्रक्चर, सॉइल, ट्रान्सपोर्टेशन, कन्स्ट्रक्शन, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स आणि नीतिनियम, सगळं येतं. थोडक्यात, एम-१ या पहिल्या गणितापासून बी.ई.च्या शेवटच्या सबमिशनपर्यंतची चार वर्षं एका दिवसात. प्रश्न एकेकटा घेतला तर सोपा असतो. सेकंड इयरच्या मुलाला बीमचा मोमेंट (बीम वाकवणाऱ्या बलाचं माप) विचारला की तो झोपेतही डब्ल्यू एल वर्ग भागिले ८ सांगतो, डब्ल्यू म्हणजे भार आणि एल म्हणजे लांबी. दहा वर्षं फक्त फुटिंग (पाया) डिझाइन केलेल्या माणसाला डायनॅमिक्समधला घसरणारा ठोकळा समोर आला की घाम फुटतो.

म्हणून एफईचा अभ्यास म्हणजे विसरलेलं पुन्हा आठवणं. त्यासाठी जाडजूड पुस्तकांची गरज नाही. एनसीईईएसच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की एफईचं हँडबुक फुकट उतरवून घेता येतं. परीक्षेत पडद्यावर तेच असतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याच्याशीच मैत्री करावी. माझं मत असं की कॉलेजच्या वह्या काढूच नयेत. आपल्या वहीतलं सूत्र आणि हँडबुकातलं सूत्र यांची चिन्हं वेगळी असतात आणि तीन मिनिटांत ती जुळवत बसायला वेळ नसतो. पाण्याच्या प्रवाहाचं मॅनिंगचं सूत्रच घ्या. आपण शिकलो त्या सूत्राच्या पुढे १ असतो म्हणून तो लिहीतही नाही. फूट-पौंडात तिथे १.४८६ येतो. एफईत दोन्ही मापनपद्धतींचे प्रश्न असतात, त्यामुळे तो आकडा हरवला की उत्तर एक तृतीयांशाने कमी येतं.

गेटची (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची) तयारी करून आलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. गेटमध्ये चुकलेल्या पर्यायाला गुण कापतात, त्या सवयीने आपली मुलं प्रश्न कोरे सोडतात. इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दुसरं असं की साधारण निम्मे प्रश्न झाले की पहिला भाग जमा करून २५ मिनिटांची सुट्टी मिळते, आणि जमा केलेल्या भागात परत जाता येत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून खूण करून ठेवलेले प्रश्न त्याआधीच निपटायचे.

पीईचं वजन दुसरीकडे आहे. सिव्हिलच्या पीईत ८० प्रश्न आणि ८ तास, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं. दुप्पट वेळ म्हणजे आराम असं वाटतं. पण त्या सहा मिनिटांतली तीन-चार मिनिटं प्रश्न नेमकं काय विचारतोय आणि कोणता कोड (डिझाइनची नियमावली) लागू आहे हे ठरवण्यातच जातात.

तोच बीम पीईत कसा येतो ते दाखवतो. स्पॅन (आधारांमधलं अंतर) २० फूट, डेड लोड (बांधकामाचं स्वतःचं वजन) फुटाला १ किप म्हणजे हजार पौंड, लाइव्ह लोड (माणसं-सामान) फुटाला १.५ किप, डिझाइन मोमेंट किती? सूत्र तेच, डब्ल्यू एल वर्ग भागिले ८. प्रश्न आहे डब्ल्यू कोणता धरायचा हा. अमेरिकन पद्धतीत डेडला १.२ आणि लाइव्हला १.६ ने गुणायचं, म्हणजे ३.६ किप, आणि मोमेंट १८० किप-फूट. आपला हात मात्र आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या कोडवर बसलेला असतो. तो सरसकट १.५ लावतो, डब्ल्यू ३.७५ होतो आणि उत्तर १८७.५ येतं. कोणी लोड वाढवलेच नाहीत तर १२५. बीमचं शास्त्र तिघांनाही येतं, पण बरोबर उत्तर एकाचंच. पेपर काढणाऱ्याला या चुका माहीत असतात आणि पर्यायही त्याच हिशेबाने मांडलेले असू शकतात. आपला आकडा पर्यायात दिसला म्हणजे तो बरोबर, या भरवशावर पीईत राहू नये.

काँक्रीटच्या ताकदीतही हीच गत. आपण १५० मिलिमीटरचा क्यूब फोडतो, ते सिलिंडर फोडतात. त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबच्या साधारण ८० टक्के ताकद दाखवतो. आपलं एम २५ काँक्रीट म्हणजे २५ मेगापास्कल धरून थेट अमेरिकन सूत्रात घातलं की सगळं गणित असुरक्षित बाजूला सरकतं. सळईचं नावही वेगळं : ८ नंबरचा बार म्हणजे ८ मिलिमीटर नव्हे, एक इंच. सळईच्या पोलादाचा नेहमीचा ग्रेड ६० म्हणजे सुमारे ४१४ मेगापास्कल, आपल्या एफई ५०० च्या बराच खाली. (या ‘एफई’चा आणि परीक्षेचा काही संबंध नाही, तो लोखंडाचा एफई.)

म्हणजे एफईला विसरलेलं आठवायचं असतं, तर पीईला पक्कं आठवत असलेलं काही काळ बाजूला ठेवायचं असतं. हे दुसरं काम जास्त कठीण. विसरलेलं आठवत नाहीये हे कळतं तरी, हाताची सवय मात्र स्वतःहून दिसत नाही. मी सराव परीक्षेतल्या माझ्या चुका वहीत मांडल्या तेव्हा ध्यानात आलं की बहुतेक ठिकाणी मला विषय येत होता, फक्त मी भारतात उभा राहून उत्तर देत होतो. ती वही मला कुठल्याही क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडली.

कोड हाताळणं हा पीईचा स्वतंत्र अभ्यास आहे. पूर्वी लोक चाकांच्या बॅगा भरून पुस्तकं घेऊन जात, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या असत. २०२२ पासून सिव्हिलची पीई संगणकावर आली आणि ते बंद झालं. आता हँडबुक आणि ठरलेले कोड पडद्यावर मिळतात, पण कोड प्रकरणाप्रकरणाने उघडावे लागतात. आधी कुठलं प्रकरण हे माहीत असेल तरच शोध कामाचा. एसीआय ३१८ या काँक्रीटच्या कोडमध्ये बीम ९ व्या प्रकरणात, कॉलम १० व्या, फुटिंग १३ व्या, छेदाची ताकद २२ व्या आणि सळयांचे तपशील २५ व्या. एएससीई ७ या लोडच्या कोडमध्ये लोडची कॉम्बिनेशन्स दुसऱ्या प्रकरणात, वाऱ्याचं २६ पासून पुढे. हे पाठ असण्यापेक्षा बोटांत असावं लागतं. त्यासाठी कोडची अनुक्रमणिका रोज वाचायची. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

सिनिअर मंडळींचा सल्ला ऐकताना त्यांनी परीक्षा कधी दिली ते विचारा. सकाळी सगळ्यांना सामाईक पेपर आणि दुपारी आपल्या शाखेचा, ही रचना एप्रिल २०२४ पासून गेली. आता कन्स्ट्रक्शन, जिओटेक्निकल, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन, आणि पाणी-पर्यावरण यांपैकी जी शाखा निवडाल, तिच्याभोवतीच पूर्ण परीक्षा असते. आणखी एक नावाचा घोळ : ‘पीई सिव्हिल, स्ट्रक्चरल’ आणि ‘पीई स्ट्रक्चरल’ या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरी खूप लांबलचक, उभ्या आणि आडव्या बलांची वेगवेगळी, आणि इलिनॉयसारख्या राज्यात स्ट्रक्चरच्या परवान्यासाठी लागणारी. अर्ज भरताना नाव नीट वाचा.

कॅल्क्युलेटर दोन्ही परीक्षांना तेच चालतात, आणि यात आपली चांदी आहे. नावात एफएक्स-९९१ असलेलं कुठलंही कॅसिओ चालतं, म्हणजे आपण फर्स्ट इयरला घेतलेलंच. नवं काही शिकायला जाऊ नका.

फोन ठेवण्याआधी त्या मुलाला मी विचारलं, तुझ्या पदवीची तपासणी झाली का? त्याला वाटत होतं, भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात (देशादेशांतले इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम समकक्ष मानणाऱ्या करारात) पूर्ण सदस्य झाला म्हणजे प्रश्नच मिटला. तो करार त्यात बसणाऱ्या ठरावीक अभ्यासक्रमांपुरता आहे आणि अमेरिकेतली राज्यं त्यावर आपोआप परवाना देत नाहीत. बहुतेक ठिकाणी परदेशी पदवी विषयवार तपासली जाते. आपल्या बी.ई.त गणित आणि इंजिनिअरिंग भरपूर असतं, पण मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विषय कधी कधी कमी पडतात, मग ते इथे एखाद्या कम्युनिटी कॉलेजात पुरे करावे लागतात. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं आणि जुना अभ्यासक्रम मागवायला किती खेटे पडतात ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. गावाकडचा कोणीतरी भाऊ, मामा खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा कागद निघतो. पुस्तकं उघडण्याआधी आज रात्रीच घरी फोन कर, एवढं त्याला सांगितलं.