जर्मन होल्स्टरवरच्या शिक्क्यावर किती भरवसा ठेवायचा?

पिस्तूल खोटं बनवायचं तर पोलाद लागतं, यंत्रं लागतात, शिवाय कायदा मागे लागतो. त्याचं चामडी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, बनवायला आरी, मेण लावलेला दोरा, बरं चामडं आणि एक शिक्का एवढ्यावर भागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन होल्स्टरांच्या बाजारात निम्मे वाद शिक्क्यांवरून होतात ते म्हणूनच.

जर्मन भूदलाने लुगर पिस्तूल स्वीकारलं १९०८ मध्ये. म्हणून त्याचं नाव पी-०८. त्याचं होल्स्टर हातात घेतलं की चामड्याचा डबाच धरल्यासारखा वाटतो. वर मोठं कडक झाकण, झाकणाच्या आत छोटा कप्पा आणि त्यात मॅगझीन (गोळ्यांची पेटी) भरायला नि पिस्तूल खोलायला लागणारं हत्यार, कडेला जादा मॅगझीनचा खिसा. आत एक वादी असते. ती वर ओढली की रुतून बसलेलं पिस्तूल अलगद वर येतं. पहिल्या महायुद्धात ही होल्स्टरं तपकिरी होती. पुढे तीसच्या दशकात भूदल काळ्या रंगाकडे वळलं, तेव्हा जुना साठा फेकून न देता काळा रंगवून वापरला गेला. आतला कप्पा उचलल्यावर खाली तपकिरी चामडं दिसलं की नवखा गिऱ्हाईक बिचकतो, जाणकार खूश होतो.

मागच्या बाजूला कारखानदाराचं नाव, गाव आणि साल ठोकलेलं असे; शेजारी गरुड आणि ‘डब्ल्यूएए’ या अक्षरांपुढे आकडा. तो आकडा लष्करी शस्त्रखात्याच्या तपासनिसाचा, म्हणजे माल पाहून घेतल्याची पावती. १९४०-४१ च्या सुमारास नावं गेली आणि त्यांच्या जागी छोटी अक्षरी सांकेतिक खूण आली, कारण कोणता माल कुठल्या गावात तयार होतो हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. पिस्तुलांवरही तेच झालं: वाल्थर कारखान्याची खूण ‘एसी’, माउझर कारखान्याची ‘बीवायएफ’. या खुणांच्या गुप्त याद्या युद्धानंतर उघड झाल्या, आणि जे लपवण्यासाठी केलं होतं तेच आज ओळख पटवायला उपयोगी पडतं. युद्धाच्या उत्तरार्धात काही मालावर या खुणांऐवजी तिरप्या रेघांनी तोडलेले लांबलचक आकडे आले.

दरम्यान पिस्तूलही बदललं होतं. बनवायला स्वस्त असं वाल्थरचं पी-३८ आलं आणि माउझरमधलं लुगरचं उत्पादन १९४२ मध्ये थांबलं. पी-३८ ची सुरुवातीची होल्स्टरं जुन्या घाटाची, कडक. मग चामड्याची आणि कामगारांच्या वेळेची टंचाई जाणवू लागली तशी ती मऊ आणि साधी होत गेली. १९४४ च्या होल्स्टरवर १९३९ ची सफाई दिसली तर मला तरी आधी शंका येते.

खरी गुंतागुंत १९४५ नंतरची. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी आठवण म्हणून होल्स्टरं घरी नेली, तो भाग सरळ आहे. पण पूर्व जर्मनीच्या पोलिसांनी जुनी लुगर पिस्तुलं पुढेही वापरली. वाल्थरने १९५७ मध्ये पी-३८ चं उत्पादन पश्चिम जर्मनीत पुन्हा सुरू केलं. तेच पुढे पी-१ झालं. त्यासाठी बनलेली होल्स्टरं अस्सलच आहेत, फक्त युद्धातली नाहीत. अशा होल्स्टरावर घरबसल्या एक गरुड ठोकला की किंमत चढते, आणि ‘एसएस’ची, म्हणजे नाझींच्या सशस्त्र संघटनेची, खूण मारली तर आणखीच. माझ्या मते खोट्यांतला सर्वांत फसवा प्रकार हाच, कारण त्यात चामडं आणि वापराच्या खुणा दोन्ही खऱ्या असतात.

म्हणून मुरलेले संग्राहक शिक्का शेवटी बघतात, आणि बघतात तेव्हा भिंगातून. नव्या चामड्यात मारलेला शिक्का खोल बसतो, त्याचे काठ दबून गोलसर होतात आणि त्याच्या तळाशी भोवतालच्याइतकाच मळ नि मेण साचतं. वाळलेल्या जुन्या चामड्यावर ठोकला तर वरचा थर तडकतो आणि आतला फिकट रंग उघडा पडतो. पुढे नाकाचं काम. ही होल्स्टरं झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याची. नव्या कोल्हापुरी चपलेचा वास ठाऊक असेल तर त्या जातीचं चामडं ओळखू येतं. बाभळीची साल आणि हिरड्याऐवजी तिकडे ओकची साल वापरत, एवढाच फरक. झाकण उघडून आत पाहावं. वर्षानुवर्षं एकच पिस्तूल राहिलं असेल तर त्याचा ठसा आतल्या चामड्यात उमटलेला दिसतो, आणि तो पी-३८ चा असेल तर बाहेर ‘पी-०८’ लिहिलेलं असून उपयोग नाही.

अतिनील दिवाही कामाला येतो. युद्धानंतरचे कृत्रिम दोरे त्या प्रकाशात अनेकदा निळसर पांढरे चमकतात; जुना सुती दोरा मंद राहतो. मात्र चमकता दोरा दिसला म्हणून लगेच वस्तू परत करू नये. आधी टाक्यांची भोकं तपासावीत. जुन्या, वापराने ओढल्या गेलेल्या भोकांतून नवा दोरा गेला असेल, तर पुष्कळदा पन्नासच्या दशकातल्या एखाद्या पोलीस ठाण्यात उसवलेली शिवण कुणीतरी पुन्हा घातलेली असते.