धडक झाली म्हणजे चकती संपली?

"दोन गॅलेक्सी धडकल्या की ताऱ्यांच्या चपट्या चकतीचा चुराडा, उरतो नुसता गोळा" हे कधीपासून फिरतंय, पण अर्धंच खरंय. लेंटिक्युलर म्हणजे भिंगाच्या आकाराच्या गॅलेक्सी बघा ना, यातल्या काही धडकेतूनच आल्यात, तरी चकती शाबूत, मधला फुगवटा मोठा, फक्त सर्पिल हात नाहीत. छोटी गॅलेक्सी गिळली तर चकती जाड होते आणि फुगवटा वाढतो, एवढंच; मोठ्या धडकेतही गॅस भरपूर असेल तर तो फिरत फिरत परत चपटा बसतो आणि त्यातून नवी चकती बनते, कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये दिसलंय हे. कन्या समूह या गॅलेक्सींच्या क्लस्टरमधली एनजीसी ४५५० ही लेंटिक्युलर गॅलेक्सी तर कमालच, १९९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांच्या टीमने दाखवलं की तिच्या चकतीतले जवळपास अर्धे तारे चक्क उलटे फिरतात! बाहेरून काही आल्याशिवाय हे होईल का? अर्थात सगळ्याच लेंटिक्युलर धडकेतून आल्या असंही नाही, काहींचा गॅस क्लस्टरमधल्या गरम वायूने नुसता ओरबाडून नेलाय.