डोळ्यात एवढं व्हिटॅमिन सी कशाला भरून ठेवलंय?

व्हिटॅमिन सी म्हटलं की सर्दी, फार तर हिरड्या, एवढंच डोक्यात येतं. पण डोळ्याच्या पुढच्या भागात, कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) आणि लेन्सच्या मधे जे पाणी असतं ना, त्यात हे सी रक्तातल्यापेक्षा साधारण 20 पट असतं. आणि पाणी असतं तरी किती, जेमतेम पाव मिलीलिटर, म्हणजे पाचेक थेंब. बरं तेही एका जागी थांबत नाही, दीड-दोन तासांत जुनं निचरून जातं आणि नवीन येतं, त्यामुळे डोळ्याला रक्तातून सी ओढून ओढून सतत भरत राहावं लागतं. हे काम बुबुळाच्या मागे दडलेल्या सिलिअरी बॉडीतले पंप करतात, सोडियमच्या जोरावर, आणि त्यात एनर्जी खर्च होते. एवढा खटाटोप कशासाठी?

एक उत्तर म्हणजे उन्हापासून बचाव. दिवसा हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यात सी भरपूर, रात्री फिरणाऱ्यांच्या खूपच कमी. काटेरी उंदरांच्या दोन जाती आहेत, अगदी भाऊबंद, पण एक दिवसा बाहेर पडते आणि एक रात्री, तर सी ठासून भरलेलं सापडलं ते दिवसावालीच्या डोळ्यात. गंमत बघा, उंदीर सी स्वतःच्या शरीरात बनवतात तरी बहुतेकांच्या डोळ्यात ते फारसं नाही, आणि आपल्याला बनवता येत नाही (ते जीन कधीच बिघडलंय), तरी आपण खाल्लेल्यातलं डोळ्यासाठी राखून ठेवतो.

आता लेन्सकडे येऊ. लेन्सला रक्तवाहिनी नाही, आतल्या पेशींना केंद्रक नाही, सगळं आरपार दिसावं म्हणून त्यांनी घरातलं सामानच बाहेर काढून टाकलंय असं समजा. मधल्या गाभ्यातली क्रिस्टलिन नावाची प्रोटीनं आपण आईच्या पोटात असताना बनलेली, आणि मरेपर्यंत तीच वापरायची, नवीन मिळत नाहीत. ती ऑक्सिडाइझ होऊन, म्हणजे ऑक्सिजनमुळे खराब होऊन, एकमेकांना चिकटली की प्रकाश विखुरतो, तोच मोतीबिंदू. म्हणजे लेन्सचा खरा वैरी ऑक्सिजन, ज्याच्यावाचून बाकी शरीराचं पान हलत नाही.

मला यातला सगळ्यात भारी भाग लेन्सच्या मागचा वाटतो. तिथे विट्रियस नावाचं जेल असतं आणि त्यातही सी भरपूर. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, रक्तवाहिन्यांमधून जो ऑक्सिजन झिरपतो तो हे सी वाटेतच खाऊन टाकतं, लेन्सपर्यंत फारसा पोचूच देत नाही. रेटिनाच्या काही आजारांत ऑपरेशन करून हे जेल काढतात, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक पेशंटना त्यानंतर दोनेक वर्षांत लेन्सच्या गाभ्यातला मोतीबिंदू होतो. याचं बऱ्यापैकी पटणारं कारण हेच, की जेल गेलं, त्याच्या जागी पातळ पाणी आलं, त्यात सी कमी आणि ते पाणी हलतंही जास्त, मग ऑक्सिजनला लेन्सचा रस्ता मोकळा.

पण सी म्हणजे निव्वळ देवमाणूस असंही नाही हं. ऑक्सिजनशी लढताना ते स्वतः ऑक्सिडाइझ होतं, मग ग्लुटाथायोन नावाचं पेशींतलं रसायन त्याला परत मूळ रूपात आणतं. वय वाढतं तसं लेन्सच्या गाभ्यातलं ग्लुटाथायोन कमी पडत जातं, आणि मग सीचे तुकडे होऊन तेच क्रिस्टलिनला चिकटतात, लेन्स पिवळी-तपकिरी होते. पाव भाजल्यावर रंग येतो त्याच जातीची केमिस्ट्री. 2006 साली उंदरांच्या लेन्समध्ये माणसाचा सी-पंप बसवून पाहिलं, तर लेन्स लवकर पिवळ्या पडल्या!

म्हणून गोळ्यांचं काय हा प्रश्न येतोच. अमेरिकेत 14 हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांवर ट्रायल झाली, त्यात रोज 500 मिलीग्रॅम सी घेणाऱ्यांना सुमारे आठ वर्षांनंतरही मोतीबिंदूच्या बाबतीत काहीच फायदा दिसला नाही. उलट स्वीडनमधल्या पाहणीत साधारण हजार मिलीग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये मोतीबिंदूची ऑपरेशनं 25 टक्के जास्त निघाली. अर्थात ती नुसती पाहणी, गोळीमुळेच झालं असं त्यातून म्हणता येत नाही. तसंही एका मर्यादेपलीकडे रक्तातलं सी वाढत नाही, जास्तीचं किडनी बाहेर टाकते, आणि डोळ्यातले पंपही ठरावीक वेगानेच भरतात. बाईला दिवसाला 75 आणि पुरुषाला 90 मिलीग्रॅम पुरतं, सिगारेट ओढणाऱ्यांना 35 जास्त, आणि एवढं फळं-भाज्यांतून आरामात मिळतं.

बाहेरून सी देण्यात खरंच अर्थ असतो तो वेगळ्याच ठिकाणी. डोळ्यात चुना किंवा तसलं दुसरं कुठलंही जहाल अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचं केमिकल) उडालं तर ते आत शिरून सिलिअरी बॉडीलाच भाजतं, पंप बंद पडतात, पुढच्या पाण्यातलं सी घसरतं आणि कॉर्नियाला जखम भरायला लागणारं कोलॅजन नावाचं प्रोटीन बनवता येत नाही. तेव्हा आधी भरपूर पाण्याने डोळा धुवायचा, लगेच हॉस्पिटल गाठायचं, आणि मग पुढच्या उपचारात डॉक्टर सीचे ड्रॉप्सही देतात.